एक ब्लँकेट, नऊ फोटो

नंदुरबारात धुळे चौफुलीपासून मंगळ बाजाराकडे येताना फलकांवरून जेवढे चेहरे तुमच्याकडे बघून हसतात, त्यातले निम्मे तरी रंजिता भामरेने गोरे केलेले आहेत. चंपालाल शेठजींच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून ती एकोणीस वर्षं हेच करते आहे. कुणाच्या गालावरचा मस काढते, कुणाची हनुवटी एकची दोन झाली असेल तर परत एक करते, टक्कल असेल तिथे दुसऱ्याचे केस आणून बसवते. माणूस मरून वर्ष झालं तरी त्याचं पुण्यस्मरणाचं पोस्टर तिच्याच हातून जातं, आणि तिथेही घरचे म्हणतात, "ताई, जरा फ्रेश दिसू द्या."

दुकान पूर्वी लग्नपत्रिकांचं होतं. शेठजींच्या नातवाने, नमनने, मागच्या खोलीत फ्लेक्सचं मशीन आणलं आणि 'नमन डिजिटल' अशी पाटी लावली. आता तर फ्लेक्सही कमी झाले. लोकांना तेच सगळं मोबाईलवर टाकायला हवं असतं, त्याला ते 'पोस्ट' म्हणतात. चौकातला फलक निदान वाऱ्याने फाटायचा. मोबाईलवरचा फाटत नाही.

रंजिताचं वय बेचाळीस. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं, आणि त्यावर ती बोलत नाही. आई आणि ती, दोघीच राहतात. बोलणं मोजकं, पण जे बोलेल ते बोचेल असं. तिला माणसांचा राग फारसा येत नाही, कीव त्याहून कमी येते. तिच्या मनात असतो तो तिटकारा. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की दुकानात एकेक 'भावी' येऊ लागतात. ते गेले की ती खुर्ची पुसून घेते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०११ साली दुकानात ब्रॉडबँड आलं तेव्हा तिने फुकटात मिळणारा एक ब्लॉग उघडला. नाव ठेवलं 'उरलेली जागा'. फलकावर सगळ्या नेत्यांचे, काकांचे, मामांचे फोटो लावून झाले की एखादा कोपरा उरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "इथं काहीतरी टाका." त्यावरून ते नाव. स्वतःचं नाव तिने कुठेच दिलं नाही. दुपारी दोन ते चार बाजार सुस्त असतो. शेठजी गादीवर डुलक्या घेतात, नमन घरी जेवायला जातो. त्या वेळात ती लिहायची. चार दिवसांनी नळाला पाणी आलं की गल्लीतल्या बायका एकमेकींशी किती गोड बोलतात. मिरचीच्या हंगामात गावाबाहेर लाल पथाऱ्या पसरल्या की कलेक्टरपासून हमालापर्यंत सगळे एकसारखे कसे शिंकतात. गणपतीच्या मंडपात आरती कुणी म्हणत नाही, सगळे हात वर करून मोबाईल धरतात, त्यामुळे देवाला भक्तांची तोंडंच दिसत नाहीत. असलं काहीबाही. वाचणारे तीस-चाळीस. त्यातले एक शहाद्याचे निवृत्त शिक्षक, ते दरवेळी एकच अभिप्राय लिहायचे, "वाचले." तिला तेवढं पुरायचं.

सोशल मीडियाबद्दल तिचं मत पक्कं होतं. ती म्हणायची, "ब्लॉग म्हणजे आपलं घर. ज्याला यायचंय तो पायरी चढून येईल. हे बाकीचं म्हणजे भोंगा लावलेली रिक्षा. तुम्ही झोपलेले असा, जेवत असा, कुणाच्या मयताला बसलेले असा, ती दारावरून ओरडत जाणार." गावच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी भांडण, संध्याकाळी श्रद्धांजली. आणि श्रद्धांजलीच्या खाली कुणीतरी अंगठा उंचावलेला. या लोकांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत आणि दोन ओळींहून जास्त वाचवत नाही, असं ती म्हणायची. तिचं खोटं होतं असं मला वाटत नाही.

मागच्या डिसेंबरात डीके भाऊंचा वाढदिवस आला. भाऊंचं खरं नाव धुडकू. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. चांगलं, मातीतलं नाव होतं. पण पुढारी व्हायचं ठरल्यावर त्यांना त्याची लाज वाटू लागली, आणि धुडकूचा डीके झाला. अंगात पांढरे कपडे, पायात पांढरेशुभ्र बूट. गावात चिखल असो, धूळ असो, बूट पांढरेच. कारण भाऊ गाडीतून उतरायचे ते फक्त फोटोपुरते.

या वेळी भाऊंनी समाजकार्य केलं होतं. कार्यकर्त्यांच्या दोन गाड्या घेऊन ते वर सातपुड्यात मोलगीला गेले, आठवड्याच्या बाजारात उतरले आणि थंडीने कुडकुडणाऱ्या आदिवासी भगिनींना ब्लँकेटं वाटून आले. हे शब्द त्यांचे. त्याचे फोटो पेनड्राइव्हवर घालून कार्यकर्ता दुकानात देऊन गेला. वाढदिवसाच्या पोस्टवर खाली एक पट्टी करायची, त्यात नऊ फोटो बसवायचे. नऊ बाया, नऊ ब्लँकेटं, आणि प्रत्येक फोटोत भाऊ.

रंजिताने फोटो उघडले. बायांचे चेहरे उजळ करायला ती एकेक फोटो मोठा करत होती. चौथ्या फोटोपाशी ती थांबली. ब्लँकेट हिरवं, कोपऱ्यावर दुकानाचं लेबल चिकटलेलं, अर्धं फाटलेलं. तिने मागचा फोटो उघडला. तेच हिरवं ब्लँकेट, तोच कोपरा, तेच फाटकं लेबल. पहिला उघडला, नववा उघडला. नऊ वेगवेगळ्या बाया, आणि ब्लँकेट एकच. म्हणजे एकीच्या हातात द्यायचं, फोटो काढायचा, तिच्या हातातून काढून घ्यायचं आणि पुढच्या बाईला उभं करायचं.

तिने काम पूर्ण केलं. पट्टी बसवली, भाऊंची हनुवटी एक केली, 'हार्दीक' हा शब्द सुधारून 'हार्दिक' केला आणि पोस्ट पाठवून दिली. मग दुपारी दोन वाजता तिने 'उरलेली जागा' उघडली आणि लिहायला बसली. शीर्षक दिलं, 'एक ब्लँकेट, नऊ बाया'. खाली नऊ फोटो ओळीने लावले, प्रत्येकात त्या लेबलाभोवती लाल गोल काढला. भाऊंचं नाव घेतलं नाही. नसती केस नको म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर तिने काळी पट्टी ओढली. बूट मात्र तसेच राहिले. शेवटी एक वाक्य लिहिलं, 'वर्षाने हेच ब्लँकेट आणखी नऊ जणींना मिळेल अशी आशा आहे.'

दोन दिवस काही झालं नाही. शहाद्याच्या सरांनी लिहिलं, "वाचले." तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला, आणि पुढचं सगळं आपोआप झालं. ज्याला त्याला ते बूट ओळखू आले. नमनने स्वतः चार ग्रुपवर पाठवलं आणि रंजितालाच दाखवलं, "दीदी, हे बघा, कसला भारी मारलाय!" ब्लॉगच्या आकड्यांच्या पानावर जिथे चाळीस दिसायचे तिथे सदतीस हजार दिसू लागले. आकडा बघायला ती दिवसातून वीस वेळा ते पान उघडत होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती.

चौथ्या दिवशी डीके भाऊ दुकानात आले. बरोबर कुणी नाही. मोबाईल काउंटरवर आपटून अहिराणीत म्हणाले, "हाई कोनी लिखं, काही समजत नही. पन उत्तर देनं पडी. लिखा ताई, मी सांगस."

भाऊ सांगू लागले आणि रंजिता टाइप करू लागली. 'माझ्या वाढत्या लोकप्रियतेला घाबरून काही विघ्नसंतोषी प्रवृत्तींनी...' भाऊंना तो शब्द उच्चारता येईना, तिने बरोबर लिहिला. 'सोशल मीडियावर माझी बदनामी चालवली आहे. मी गोरगरीब आदिवासी भगिनींना मायेची ऊब...'

ती थांबली. "भाऊ, ब्लँकेटं किती वाटली, आकडा टाकायचा का?"

"आकडा नको. 'असंख्य' लिखा."

तिने 'असंख्य' लिहिलं. मग कीबोर्डवरून हात काढला आणि म्हणाली, "भाऊ, ते मीच लिखं."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि हसले. "ताई, गंमत नका करा. हाई शिकेल माणूसनं काम शे. एखादा प्राध्यापक व्हई, नही ते पुण्याकडला."

एकोणीस वर्षं हा माणूस तिच्याकडून स्वतःचं शुद्धलेखन करून घेत होता. रंजिताने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि ब्लॉगचं आतलं पान उघडलं. तेच शीर्षक, त्याच्यापुढे 'संपादित करा' असं बटण, आणि त्याच्यापुढे आकडा.

भाऊ वाकून वाचू लागले. ती वाट बघत होती. आता आवाज चढेल, शिव्या येतील, दुकान बंद पाडायची धमकी येईल. तिची तयारी होती. भाऊंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. रागावर काहीतरी दुसरंच चढलं.

"सदतीस हजार लोकेस्नी वाचं?"

"हो."

"मंग ताई, आते एक मन्हा बाजूनं लिखा ना. तुमनं लिखेल चाली ऱ्हायनं!"

नंतर मला हे सांगताना ती म्हणाली, "त्याने मला चापट मारली असती तर मी त्याला माणूस तरी म्हटलं असतं."

तिने नाही म्हटलं. भाऊंनी दोनदा विचारलं, मग नमनला बोलावलं आणि त्यालाही सांगितलं. नमनला धक्का बसला, पण तो जेमतेम मिनिटभर टिकला. "दीदी, तुम्ही? मग तर रील करू या! तुम्ही फक्त फेस दाखवा, बाकी मी बघतो." भाऊ म्हणाले, "मी बी येस रीलमा." दोघे तिथेच उभे राहून ठरवू लागले.

तेवढ्यात गादीवरून चंपालाल शेठजींनी हाक मारली. शेठजी ऐंशीचे. त्यांना कमी ऐकू येतं असा सगळ्यांचा समज आहे.

"बेटा, ते फोटो कुणाचे?"

"भाऊंचे."

"दुकानात कशाला दिले होते?"

"पोस्टला."

"मग दुकानात आलेला माल तू बाहेर नेलास."

"शेठजी, तो माणूस लबाड आहे. त्याने..."

"लबाड आहेच. त्याच्या बापालाही मी ओळखत होतो. पण उद्या आपल्या दुकानात लेकीबाळींचे फोटो कोण देईल?" एवढं बोलून शेठजींनी पुन्हा डोळे मिटले. कामावरून काढलं नाही, आणि पुढे कधी तो विषयही काढला नाही.

रंजिताला ते लागलं, पण पटलं नाही. लबाडाच्या मालाला कसली राखण, असं मनाशी म्हणत ती संध्याकाळी घरी निघाली. भाजीच्या गाडीपाशी दोन पोरी एका मोबाईलवर वाकून हसत होत्या. तिला वाटलं भाऊंच्या बुटांवर हसतायत. जवळ गेली तर त्या एका बाईच्या चेहऱ्यावर हसत होत्या. कुणीतरी भाऊंना कापून टाकलं होतं आणि नुसत्या नऊ बाया ठेवल्या होत्या. वर लिहिलं होतं, 'ब्लँकेट गँग'. खाली शेकडो अभिप्राय. 'फुकटे'. 'एकीवर एक फ्री'. 'ह्यांना फुकट खायची सवयच'. अंगठे, हसून रडणारी तोंडं.

भाजी न घेताच ती घरी आली आणि आपलीच पोस्ट पुन्हा उघडली. भाऊंच्या चेहऱ्यावर काळी पट्टी होती. नऊ बायांचे चेहरे उघडे होते. उघडे म्हणजे, तिनेच उजळ केलेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुट्टी घेऊन ती मोलगीला गेली. अक्कलकुव्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपवाल्याचं नाव खात्या. पुढच्या सीटवर बसून तिने फोटोंची छापील प्रत काढून त्याला दाखवली. खात्याने वळणावर गाडी हळू केली आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ही मंगळीबाई. आमच्याच पाड्यातली. आज भगर घेऊन आली असंल. तू काय करते तिच्याशी?"

"बोलायचंय."

"फोटो काढते का?"

"नाही."

"सगळे काढते," खात्या म्हणाला. "काठी गावच्या होळीला ये एकदा. नवस करून महिनाभर जमिनीवर झोपलेला माणूस नाचतो, अन् शहरवाला त्याला म्हणतो, जरा परत नाच, नीट आलं नाही."

मंगळीबाई बाजाराच्या टोकाला भगरीचं गाठोडं सोडून बसली होती. पन्नाशीची, ताठ. तिला मराठी थोडंफार समजत होतं, पण ती तिच्या बोलीतच बोलली आणि खात्या मराठीत सांगत गेला. रंजिताने कागद पुढे केला. मंगळीबाईने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"ती विचारते, तिचं तोंड दिसतं, त्याचं का दिसत नाही?"

"त्याचं मी झाकलं," रंजिता म्हणाली.

खात्याने सांगायच्या आधीच मंगळीबाईने पुढचं विचारलं, आणि ते समजायला खात्याची गरज पडली नाही. "अन् माझं?"

रंजिताने शेजारच्या दगडावर बूड टेकलं. मंगळीबाईने मध्येच एका गिऱ्हाइकाला भगर मापून दिली. मग आपणहून बोलली. ब्लँकेट परत घेणार हे त्या बायांना पहिल्याच बाईच्या वेळी कळलं होतं. उभं राहा म्हणाले, उभ्या राहिल्या. पांढऱ्या बुटाचा माणूस वेडा आहे असं म्हणून नंतर सगळ्या हसल्याही. तिथेच ते संपलं होतं. पण नंतर सुरतेहून तिच्या मुलाचा, दिलवरचा फोन आला. तो तिकडे बांधकामावर आहे. साईटवर कुणीतरी त्याला मोबाईल दाखवला. त्याने आईला विचारलं, घरात दोन घोंगड्या असताना तू शहरवाल्यासमोर हात पसरलास? तिने सांगितलं, ब्लँकेट त्यांनी परत नेलं. तो म्हणाला, मग आणखीच वाईट. तेव्हापासून तो फोनवर धड बोलत नाही.

"ते फोटो मी आजच काढून टाकते," रंजिता म्हणाली.

खात्या हसला. "तू काढशील. बाकीचे काढतील का?"

रंजिताने पिशवीतून वही काढली. काय घडलं ते तिथेच बसून सरळ लिहिलं. कोण आलं, काय दिलं, काय परत नेलं, फोटो कुणी पसरवले. त्यात स्वतःचं नावही लिहिलं, पहिल्यांदाच. मग मंगळीबाईला विचारलं, "तुझं नाव घालू?"

"आधी वाच."

तिने एकेक वाक्य वाचलं, खात्याने सांगितलं. मंगळीबाई ऐकत होती. एका ठिकाणी तिने हात वर केला. 'मोलगीच्या बाजारातल्या नऊ गरीब बाया' असं ते वाक्य होतं.

"तो शब्द काढ म्हणते."

"कुठला?"

"गरीब."

रंजिताने तो शब्द खोडला, तेव्हा मंगळीबाईने नाव घालायला होकार दिला. एकोणीस वर्षं ती लोकांच्या चुका काढत आली होती. तिच्या लिहिण्यातली चूक पहिल्यांदाच कुणीतरी काढली होती, आणि तीही जिला अक्षरओळख नव्हती अशा बाईने.

खात्याकडून नंबर घेऊन जीपच्या थांब्यावरून तिने दिलवरला फोन लावला, कोण आहे ते सांगितलं आणि माफी मागितली. तिकडे मशीनचा आवाज येत होता. दिलवर म्हणाला, "ताई, मला सांगून काय फायदा? मला आई माहीत आहे. साईटवर सगळ्यांनी बघितलंय, त्यांना सांगा."

त्याच संध्याकाळी तिने नऊ फोटो काढून टाकले आणि वहीतला मजकूर जसाच्या तसा चढवला. भाऊंचं नाव लिहिलं ते 'धुडकू' असंच. आठवडाभर वाट पाहिली. त्रेसष्ट लोकांनी वाचलं. स्क्रीनशॉट कुणी काढला नाही. सदतीस हजारांतल्या एकालाही पुढे काय झालं ते जाणून घ्यायची गरज वाटली नाही. 'ब्लँकेट गँग' मात्र अजून फिरते आहे. आता त्यावर कुठल्यातरी गाण्याची चालही बसवली आहे. भाऊंनी आपल्या नव्या रीलमध्ये खरोखरच एक ब्लँकेट अंगावर घेतलं आणि 'विरोधकांनाही मायेची ऊब' असं म्हणून नमस्कार केला. ते लोकांना फार आवडलं. नमनने ते शूट केलं. गावाची लायकी किती, हे रंजिताला आधीपासून ठाऊक होतं. आपण त्या गावाबाहेरच्या नाही, एवढं नव्याने कळलं.

ती अजून त्याच दुकानात आहे. देणारा आणि घेणारा एकाच फोटोत असेल तर ते काम ती करत नाही, सरळ नमनकडे सरकवते. आकड्यांचं पान ती उघडत नाही असं म्हणते. मी त्यावर पुरता विश्वास ठेवत नाही.

दिलवरला तिने त्या पोस्टची लिंक पाठवली होती. त्याचा निरोप आला, एवढं लांब इथे कुणी वाचत नाही, फोटोसारखं करून पाठवा. तिने दात-ओठ खात तेच केलं. दुकानात बसून मोठ्या अक्षरांत सात ओळी बसवल्या, मागे साधा पिवळा रंग, चेहरा कुणाचाच नाही. दिलवरने जेवणाच्या सुट्टीत मुकादमाकडून ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतलं.

"मग काय म्हणाले?" तिने फोनवर विचारलं.

"काही नाही. ऐकलं. एक जण म्हणाला, ब्लँकेट तरी द्यायला पाहिजे होतं, थंडी आहे."